‘हॅलोविन’ (१९७८) मला का आवडत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरमध्ये आम्ही काही मित्र महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून जुने चित्रपट पाहतो. अशाच एका बैठकीत दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोविन’ हा अमेरिकन भयपट संपल्यावर, हा चित्रपट आपल्याला आवडत नाही आणि तिसऱ्यांदा पाहूनही मत बदललेले नाही, असे मी सांगितले. तेव्हापासून तेच ते प्रश्न मला चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत विचारले जात आहेत. दर वेळी तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून हा खटाटोप. चित्रपटाचा शेवट पुढे उघड केलेला आहे, हे आधीच सांगतो.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

हॅलोविन हा ३१ ऑक्टोबरचा सण; त्या संध्याकाळी अमेरिकेतील मुले सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागत फिरतात. १९६३ सालच्या अशाच एका रात्री, इलिनॉय राज्यातल्या हॅडनफील्ड या काल्पनिक गावात, मायकेल मायर्स नावाचा सहा वर्षांचा मुलगा स्वयंपाकघरातली सुरी घेऊन आपल्या थोरल्या बहिणीचा खून करतो. पंधरा वर्षांनी तो मनोरुग्णालयातून पळतो, पांढरा मुखवटा चढवून गावात परततो आणि लॉरी स्ट्रोड या शाळकरी मुलीवर व तिच्या दोन मैत्रिणींवर दिवसभर पाळत ठेवतो. रात्री तो मैत्रिणींना आणि त्यांतल्या एकीच्या प्रियकराला मारतो. लॉरी झुंज देऊन वाचते. त्याचे डॉक्टर सॅम लूमिस त्याच्यावर सहा गोळ्या झाडतात, तो सज्जातून खाली कोसळतो, आणि डॉक्टर वाकून पाहतात तेव्हा खालच्या गवतावर कुणीच नसते.

चित्रपट जुना आहे, संथ आहे, म्हणून आवडत नाही का?

नाही. संथपणा ही या चित्रपटाची जमेची बाजू आहे, आणि रक्त फारसे न दाखवण्याचा संयमही. संपूर्ण चित्रपटात माणसांचे खून पाच; त्यांतला एक तर आपल्याला घडताना दिसत नाही, गवतात पडलेले प्रेत तेवढे दिसते. ‘मला आणखी रक्त हवे होते’ असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कुणी काढला, तर तो माझ्यावर अन्याय होईल.

मग नेमके काय खटकते?

या चित्रपटाला माणसांमध्ये रस नाही, जिवंत माणसांमध्ये नाही आणि मेलेल्यांमध्ये तर मुळीच नाही, हे खटकते.

उदाहरण पहिल्याच प्रसंगाचे घेतो. कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांनी घरात शिरतो, जिना चढतो, खून होतो, पुन्हा खाली येतो. दारात आईवडील मोटारीतून उतरलेले असतात, वडील मुखवटा ओढतात आणि विदूषकाच्या वेशातला तो लहान मुलगा हातात रक्ताळलेली सुरी घेऊन उभा असलेला दिसतो. इथवर काम अप्रतिम आहे. पण त्यानंतर ते दोघे आईवडील नुसते उभेच राहतात. वर मुलगी आहे, तिला काय झाले हे पाहायला कुणी धावत नाही, कुणाच्या तोंडून मुलीचे नाव निघत नाही, आई त्या लेकराच्या हातातली सुरीसुद्धा काढून घेत नाही. कॅमेरा मागे सरकत वर जातो, आणि ते दोघे चित्रपटातून कायमचे बाहेर पडतात. एका रात्रीत मुलगी गेली आणि मुलगाही गेला, अशा घराचे पुढे काय झाले असेल, या प्रश्नाला एक मिनिटसुद्धा दिलेले नाही. ते घर पुढे ‘भुताचे घर’ म्हणून मुलांना भिवविण्यापुरते वापरले जाते, एवढेच.

दुसरे उदाहरण मला जास्त टोचते. मारल्या गेलेल्या मैत्रिणींपैकी अ‍ॅनीचे वडील त्या गावचे शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख आहेत. ते अर्ध्या चित्रपटभर डॉक्टर लूमिस यांच्याबरोबर फिरत असतात. आपली मुलगी मेली, हे त्यांना चित्रपट संपेपर्यंत कळत नाही. दिग्दर्शकाने बापाला गावात ठेवले, त्याच्या अंगावर वर्दी चढवली, हाती अधिकार दिला, आणि ज्या एका बातमीसाठी ते पात्र जन्माला यायला हवे होते, ती बातमीच त्याच्यापर्यंत पोहोचवली नाही. आमच्याकडे मयत झाले तर रात्रभर प्रेताजवळ दिवा असतो आणि माणूस बसलेला असतो. प्रेत एकटे सोडत नाहीत. इथे तीन तरुण मुलांची प्रेते त्या घरात मांडून ठेवली आहेत ती लॉरीने दचकावे म्हणून, एक कपाटात दिसावे आणि एक लटकत समोर यावे म्हणून. ज्यांच्यासाठी कुणी रडत नाही त्यांच्यासाठी मी घाबरावे, अशी अपेक्षा आहे, आणि ते मला जमत नाही.

डॉक्टर लूमिस तरी जिवंत पात्र आहे की नाही?

ही भूमिका करणारे डोनाल्ड प्लेझेन्स यांचा आवाज आणि डोळे यांवर माझा आक्षेप नाही. निर्मात्यांनी त्यांना पाच दिवसांच्या कामाचे २०,००० डॉलर दिले, तर जेमी ली कर्टिस यांना नायिकेच्या पूर्ण भूमिकेचे ८,०००. पैसे वसूल झाले असेच म्हणावे लागेल. पण ते पात्र वैद्य म्हणून काहीच करत नाही. आठ वर्षे मी या मुलाच्या मनापर्यंत पोहोचण्याचा प्रयत्न केला आणि पुढची सात वर्षे तो बाहेर पडू नये म्हणून धडपडलो, या आशयाचे त्यांचे एक भाषण आहे आणि ते पुष्कळांना पाठ असते. त्या आठ वर्षांत नेमके काय केले, काय बोलले, मूल एकदा तरी झोपेत ओरडले का, यांतले काहीही नाही. हा साक्षात दुष्टपणा आहे, एवढेच ते निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगत राहतात. मनोविकारतज्ज्ञाचा कोट घालून आणलेला हा देवऋषी आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. देवऋषी निदान लिंबू तरी कापतो.

शिवाय संध्याकाळभर ते मायर्सच्या रिकाम्या घराबाहेर झुडपाआड उभे राहतात, पोरांना भेवडावतात, आणि मायकेलने पळताना चोरलेली मोटार जवळच रस्त्यावर उभी आहे हे त्यांना फार उशिरा दिसते.

तुम्हाला भीती वाटलीच नाही?

फारशी नाही, आणि याची काही कारणे चित्रपटाची नसून माझी आहेत, हे मान्य करायला हवे.

चित्रपटाचे सुरुवातीचे नाव ‘बेबीसिटर मर्डर्स’ असे होते. आईवडील बाहेर गेल्यावर शेजारपाजारची शाळकरी मुलगी पैसे घेऊन मूल सांभाळते, ही पद्धत या गोष्टीचा पाया आहे. माझी आत्या औशाहून आली होती, ती मागे बसून पाहत होती. तिने अर्ध्या तासाने विचारले, “अरे, पण लेकरं सोडून ह्यांचे आय-बाप गेलेत तरी कुठं?” आम्ही हसलो, पण प्रश्न बिनतोड होता. आमच्या गल्लीत आजी, काकू, घरमालकीण, समोरची वहिनी अशा चार बायकांना ओलांडल्याशिवाय अनोळखी माणूस मुलाजवळ पोहोचूच शकत नाही. उन्हाळ्यात अख्खी आळी माळवदावर झोपते, तेव्हा एका माळवदावर कुणी खोकले तर तिसऱ्या माळवदावरून पाणी प्यायचा सल्ला येतो. जिथे किंचाळी फुकट जात नाही अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला, रुंद हिरवळींमागे एकेकटी उभी असलेली घरे पाहून भीती वाटण्याआधी ‘यांना एवढी जागा लागते तरी कशाला’ असा प्रश्न पडतो.

दुसरे कारण सांगताना जरा जड जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. आमचे घर राहिले, पण त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही अंगणात झोपलो. बाहेर विंचूकाटा, थंडी, अंधार. तरीही आत जायला कुणी तयार नव्हते, कारण माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली होती. या चित्रपटाची सगळी भीती ‘आत शिरा, दार लावा, तो बाहेर आहे’ या सूत्रावर चालते. माझ्या शरीराने भीती शिकली ती नेमकी उलट्या दिशेने. हा चित्रपटावरचा आरोप नव्हे. पण मला विचारले म्हणून सांगितले.

मदतीला कुणी न येणे, हाच तर चित्रपटाचा मुद्दा नाही का?

हा सगळ्यांत चांगला आक्षेप आहे, आणि तो घेणाऱ्याकडे मोजून वीस सेकंदांचा सबळ पुरावा आहे. जखमी लॉरी रस्त्यावर येते आणि शेजारच्या घराचे दार बडवते. बाहेरचा दिवा लागतो. खिडकीच्या पट्ट्यांतून कुणीतरी पाहते. मग दिवा मालवला जातो. माझ्या मते पूर्ण चित्रपटातला सर्वांत भयंकर क्षण तोच आहे, कारण तिथे मुखवटा नाही, सुरी नाही, आहे तो फक्त एका सभ्य माणसाने आतून दाबलेला खटका.

पण चित्रपटाला त्या क्षणाचे मोल कळलेले नाही, अशी माझी तक्रार आहे. लॉरी पुढच्या घराकडे धावते आणि तो शेजारी पुन्हा कधीच येत नाही, ना आणखी किंकाळ्या झाल्यावर, ना गोळ्यांचे आवाज झाल्यावर. खरी गोष्ट त्या खिडकीमागे होती. तिच्यावरून कॅमेरा तसाच पुढे गेला, कारण त्याला पुन्हा मुखवटेवाल्याकडे जायचे होते.

एवढ्या कमी पैशांत केलेल्या कामाचे कौतुक नको का?

हवे, आणि मी ते मनापासून करतो. सुमारे ३ लाख डॉलरांत, जेमतेम २० दिवसांत, कॅलिफोर्नियात ऐन वसंतात चित्रीकरण झाले. गोष्ट मात्र ऑक्टोबरातली. त्यामुळे वाळकी पाने रंगवून पसरायची, दृश्य झाले की गोळा करून पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरायची, असा उद्योग चालला. काही दृश्यांत मागे ताडाची झाडे डोकावतात, जी इलिनॉयमध्ये असण्याचे कारण नाही. मुखवटा दोन डॉलरांहून कमी किमतीत आणलेला, मुळात ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर यांच्या चेहऱ्याचा होता, कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेस यांनी त्याला पांढरा रंग दिला, डोळ्यांची भोके मोठी केली आणि केस बदलले. सहलेखिका आणि निर्मात्या डेब्रा हिल यांचे नाव या कौतुकात नेहमी मागे पडते, ते पडू नये. मुलींचे आपापसातले बोलणे बऱ्याच अंशी त्यांनीच लिहिले आहे, आणि चित्रपटात जी काही माणसे दिसतात ती त्या बोलण्यातच दिसतात.

संगीताबद्दल तर वादच नाही. ते कार्पेंटर यांनी स्वतः केले. मुख्य धून पाच मात्रांची आहे. हा ठेका त्यांना लहानपणी संगीतशिक्षक असलेल्या वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. आमच्यातला एक मित्र तबला वाजवतो, त्याने लगेच मांडीवर झपताल धरला आणि अडखळला, कारण दुगुनीत दहा मोजले तर झपतालाचे खंड २-३-२-३ पडतात आणि या धुनेचे ३-३-२-२. पहिले दोन तिनाचे खंड नीट चालतात, आणि मग पायाखालची फरशी किंचित सरकल्यासारखी होते. ती धून मी कामावर जातानाही ऐकतो. उत्तम कारागिरी मान्य करून कलाकृती नावडती असू शकते, यात मला विसंगती दिसत नाही. हाताने विणलेली घोंगडीसुद्धा टोचतेच.

एकही प्रसंग भिवविणारा वाटला नाही?

दोन वाटले.

शेवटाकडे लॉरी एका अंधाऱ्या दाराला टेकून रडत असते आणि तिच्या मागे काळोखातून तो पांढरा चेहरा हळूहळू उगवतो. कुणी आत येत नाही, दार वाजत नाही. छायालेखक डीन कंडी यांनी दिवा मंदावणाऱ्या खटक्यावर उजेड अगदी थोडा थोडा वाढवला, आणि आपल्याला कळते की तो आधीपासून तिथेच होता. हे दृश्य मला आजही सोसत नाही.

दुसरा प्रसंग भर दिवसाचा आहे. लॉरी आपल्या खोलीच्या खिडकीतून खाली पाहते. परसात दोरीवर धुणे वाळत घातलेले आहे, पांढऱ्या चादरी वाऱ्याने हलताहेत, आणि त्यांच्यामध्ये तो उभा आहे. ती पुन्हा पाहते तेव्हा फक्त चादरी. या प्रसंगाने मला गाठले याचे कारण येळवस आहे. मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येला आमच्या लातूर-धाराशिव भागात घरांना कुलपे लावून सगळे शेतावर जातात, कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी आणि आंबिलाचे जेवण होते, आणि शहर ओस पडते. एका वर्षी तापामुळे मी एकटा घरी राहिलो आणि दुपारी औषध आणायला बाहेर पडलो. औसा रोडवर दुकाने बंद, रिक्षा नाही, कुत्रीसुद्धा सावलीला. माझ्याच चपलांचा आवाज मला मागून येत होता. एका गच्चीवर कुणाची तरी धोतरे वाळत होती आणि ती हलली तेव्हा मी थांबलो. कुणी नव्हते, पण मी रस्ता बदलला. चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या भागात ती दुपार आहे. पुढच्या अर्ध्या भागात तिची जागा सुरी घेते, याचे मला वाईट वाटते.

हा चित्रपट मुलींना शिक्षा करतो, म्हणून तुमचा विरोध आहे का?

प्रियकराबरोबर वेळ घालवणाऱ्या मुली मरतात आणि अभ्यासू, लाजरी लॉरी वाचते, म्हणून हा चित्रपट संस्कारांचा चाबूक आहे, असे अनेकांनी लिहिले आहे. कार्पेंटर यांनी हा हेतू नाकारला, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. त्या मुली बेसावध असतात म्हणून मरतात. अखेरपर्यंत टिकून राहणाऱ्या या मुलीला ‘फायनल गर्ल’ हे नाव अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या एका निबंधात दिले, आणि ती चर्चा चित्रपटापेक्षा मला अधिक रोचक वाटते. विणायची सुई आणि तारेचा हँगर घेऊन लढणारी लॉरी मला आवडते. फक्त ती सुरी हातात आल्यावर दोनदा त्याच्याच शेजारी का टाकून देते, हे मात्र मला कुणी समजावून सांगू शकलेले नाही.

स्लॅशर, म्हणजे सुरीवाला खुनी एकेकाला गाठून मारतो त्या प्रकाराचा पहिला चित्रपट म्हणून तरी मान द्याल?

पहिला तो नव्हेच. १९६० साली हिचकॉक यांचा ‘सायको’ आला होता. लूमिस हे नाव तिथूनच घेतलेले आहे आणि जेमी ली कर्टिस या त्यातल्या जॅनेट ली यांच्या कन्या. १९७४ च्या ‘ब्लॅक ख्रिसमस’ या बॉब क्लार्क यांच्या कॅनेडियन चित्रपटात सणाची रात्र, एका घरातल्या तरुण मुली आणि खुन्याच्या डोळ्यांनी घरात शिरणारा कॅमेरा हे सारे चार वर्षे आधीच आहे. ‘हॅलोविन’ने त्यातून बाजारात चालणारा साचा काढला. १९८० पासून त्या साच्यातून जे निघाले त्याचा दोष मी मूळ चित्रपटावर टाकत नाही.

समीक्षकांपेक्षा तुम्ही शहाणे आहात का?

समीक्षकांचे एकमत कधीच नव्हते. रॉजर एबर्ट यांनी पूर्ण चार तारे दिले, तर पॉलिन केल यांनी चित्रपट झोडपला. २००६ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याची राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवड केली, ती ऐतिहासिक महत्त्व पाहता योग्यच आहे. किल्ला महत्त्वाचा असतो म्हणून त्यात राहायला आवडले पाहिजे असे नाही.

तुम्ही तो नीट पाहिला नसेल, अशी शक्यता आहे का?

पहिल्यांदा तशी पूर्ण शक्यता होती. वसतिगृहात एका मित्राच्या संगणकावर, दोन्ही बाजू कापलेल्या प्रतीत मी तो पाहिला. हा चित्रपट रुंद पडद्यासाठी घेतलेला आहे आणि मायकेल अनेकदा चौकटीच्या अगदी कडेला उभा असतो. कडाच कापल्या तर अर्धी भीती कचऱ्यात जाते. ज्यांनी तो अशा प्रतीत पाहून नाके मुरडली असतील, त्यांनी एकदा पूर्ण रुंदीत जरूर पाहावा. मी पुढे दोनदा तसा पाहिला, दिवे मालवून आणि फोन दूर ठेवून. शेवटच्या वेळी लॉरी कपाटात लपलेली असतानाच वीज गेली आणि पाऊण तास आली नाही. त्या पाऊण तासात आम्ही जे बोललो त्यातूनच ही उत्तरे तयार झाली.

शिकवणीसाठी लातूरला राहणाऱ्या मुलांनी तो पाहावा का?

अमेरिकेत त्याला ‘आर’ प्रमाणपत्र होते, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसाबरोबर पाहायचा. खोलीवर एकटे, परीक्षेच्या आदल्या रात्री, फोनच्या पडद्यावर पाहू नये. परीक्षा झाल्यावर चौघांनी मिळून पाहावा आणि नंतर भांडावे.

तुमच्या आत्याचे शेवटी काय मत पडले?

हा प्रश्न हल्ली सर्वांत जास्त येतो. वीज आली, चित्रपट संपला, रिकाम्या खोल्यांवर मुखवट्याआडचा श्वास ऐकू येत राहिला, नावे वर सरकू लागली, तरी ती उठली नाही. तिने विचारले, “त्या पोलिसाला सांगितलं का न्हाई मग, पोरगी गेली म्हणून?” मी म्हणालो की ते दुसऱ्या भागात कळते, १९८१ च्या. त्यावर ती पदर सावरून पुन्हा टेकून बसली आणि म्हणाली, “मंग त्योच लाव की.”

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तो भाग आमच्याकडे नव्हता.